पालथा लावलेला नमुना

मीटर वाजला नाही.

मीटरचं काम तेवढंच असतं. त्याच्या दोन सुया एखाद्या वस्तूवर टेकवल्या आणि मधून वीज जात असली की तो किरकिरतो, जात नसली की गप्प बसतो. सकाळी मी नमुना मोजणीच्या पितळी बैठकीवरून उतरवला, चिमट्याने टिपकागदावर ठेवला आणि उगाच, म्हणजे खरोखर काही कारण नसताना, कुलूप लावून झाल्यावर ते पुन्हा ओढून बघावं तशा, दोन्ही सुया हलकेच त्याच्या मधोमध टेकवल्या. त्या बाजूला आमचा थर असायला हवा होता आणि थरातून वीज जायला हवी होती. मीटर गप्प. सुया जरा बाजूला सरकवल्या. गप्प. मग नमुना उलटला आणि दुसऱ्या बाजूला टेकवल्या, तर लगेच किरकिरला. म्हणजे इतका वेळ ज्या बाजूला मी वरची बाजू म्हणत होते ती खालची होती. पारदर्शक खड्याची नखाएवढी पट्टी, तिच्या एका अंगावर काही अणूंच्या जाडीचा थर. डोळ्यांना दोन्ही अंगं सारखीच. मी नमुना पालथा लावला होता. पहिल्यांदाच लावायला घेतला आणि पालथा लावला. यात रडण्यासारखं काही नव्हतं. उलट मी हसले, कारण घरी जाऊन सांगायला एक किस्सा मिळाला होता, आणि आमच्या घरात हल्ली किस्स्यांची फार टंचाई आहे. हसू तोंडावर असतानाच मला पडद्यावरचा आकडा आठवला.

आकडा आमचा नेहमीचाच होता. व्होल्टचे दशलक्ष तुकडे केले तर त्यातले थोडेसे तुकडे, आणि पुढे अधिकचं चिन्ह. तो पडद्यावर आला तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या घरी फोनसुद्धा केला होता. "आला," म्हटलं. नवरा म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना." मग जरा थांबून म्हणाला, "नीट लावलास ना? कोपरा बघितलास?" मी म्हटलं, "हो रे बाबा, बघितला." कोपऱ्याची गोष्ट अशी, की थर कुठल्या बाजूला आहे हे कळावं म्हणून तो प्रत्येक पट्टीचा एक कोपरा जरासा खुडून ठेवायचा. थर वर असला की खुडलेला कोपरा आपल्या डाव्या हाताला, आपल्याकडच्या बाजूला यायला हवा. मी मात्र हे सगळं कायम टेबलाच्या पलीकडून बघितलेलं. तो नमुना लावायचा, मी समोर उभी राहून दिवा धरायची. त्याचं डावं ते माझं उजवं. डोक्यात कोपरा उजवीकडेच बसलेला, आणि आज त्याच्या खुर्चीत बसल्यावरही मी तो उजवीकडेच ठेवला. जगात कुणाकडून अशी चूक होईल? नवऱ्याच्या समोर उभी राहून आयुष्य काढलेल्या बाईकडूनच. तारा जोडायचा चांदीचा लेप पट्टीच्या टोकांना दोन्ही अंगांवर असतो, म्हणून पालथ्या नमुन्यातूनही आकडा आला. तर नमुना पालथा होता आणि आकडा मात्र नेहमीचा होता, अधिकच्या चिन्हासकट. तो उणे यायला हवा होता.

का, ते सांगायला हवं. आमचं काम समजावून सांगायची वेळ आली की मी एका लांब बोळाची गोष्ट सांगते. बोळातून निळ्या टोपीचे लोक इकडून तिकडे चाललेत आणि तेवढेच लाल टोपीचे लोक तिकडून इकडे येतायत. दारावर बसलेला पहारेकरी डोकी मोजतो आणि म्हणतो, काहीच झालं नाही, जेवढे गेले तेवढे आले. टोप्या मात्र तिकडच्या इकडे आणि इकडच्या तिकडे गेलेल्या असतात. इलेक्ट्रॉनचं तसं आहे. तो स्वतःभोवती गिरकी घेतल्यासारखा वागतो, उजवी किंवा डावी, त्याला आम्ही स्पिन म्हणतो, आणि कधीकधी वीज जराही न वाहता नुसती गिरकीच वाहते. मीटर म्हणजे तो पहारेकरी. त्याला ती दिसत नाही. त्यातून ती फार जगतही नाही, काही अणू ओलांडले की विझते. विझण्याआधी तिची साधी वीज करून घ्यावी लागते, तरच ती होती हे जगाला कळतं. काही पदार्थ हे काम करतात: सगळ्या गिरक्या एका कडेला ढकलून देतात, तिथे वीज साचते आणि मीटर जागा होतो. बहुतेक पदार्थांत हे थोडंथोडं होतं. आमच्या थरात खूप व्हायचं. निदान तसं आम्ही छापलं, आणि त्यावर माझी नोकरी, त्याची नोकरी आणि बँकेने दिलेलं घर उभं राहिलं. नणंद म्हणायची, "वहिनी, तुमचं दोघांचं भोवऱ्याचं दुकान बरं चाललंय." मला ते आवडायचं.

आता खोटेपणा कसा ओळखायचा याची एक जुनी रीत आहे. लोहचुंबक उलट्या दिशेने लावला की गिरकी उलटते आणि आकडा उणे होतो. ते आम्ही शेकडो वेळा पाहिलंय, पाहुण्यांना दाखवलंय, लेखात आलेख काढून छापलंय. पण उष्णतासुद्धा हीच नक्कल करते. गिरक्या सोडणारा तो खडा चुंबकी असतो, तो डोलायला लागला की किंचित तापतो, ती ऊब खाली बैठकीकडे पळते, आणि पळता पळता स्वतःची एक वेगळी वीज तयार करते. चुंबक उलटा केला की तीही इमानदार असल्यासारखी उणे होऊन दाखवते. दोघींतला फरक एकाच गोष्टीने कळतो: नमुना पालथा घाला. खरी गिरकी असेल तर आता ती उलट्या दिशेने थरात शिरेल आणि आकडा उणे येईल. ऊब मात्र नमुना कसाही ठेवा, खाली पितळेकडेच जाणार, कारण पितळ थंड आहे. तिचा आकडा बदलत नाही. आमचा बदलला नाही. मी पट्टी सुलटी लावली, तारा जोडल्या, पुन्हा मोजलं. मग पालथी लावली, पुन्हा मोजलं. चहा प्यायला जावं असं वाटलं, गेले नाही, पुन्हा मोजलं. तोच आकडा. गिरकीचा त्यात अंशसुद्धा नव्हता. इतकी वर्षं आम्ही पितळ किती गरम होतं ते मोजत होतो.

शेजारच्या खोलीत लेझरवाले बसतात. ते काहीतरी उसनं मागायला येतात आणि बोलून जातात. त्यांचं उसनं आणि त्यांचं बोलणं, दोन्हींना अंत नाही. ते दारातून डोकावले. "काय मॅडम, जमलं का हो हातात धरायला? साहेबांचा हात काही सोपा नाही." मी म्हटलं, "जमलं." ते म्हणाले, "मग चेहरा का असा?" मी म्हटलं, "चुंबकाचं पाणी गरम होतंय." ते लगेच पाण्याविषयी बोलायला लागले. साहेबांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, हात. आमच्या इमारतीत हा शब्द नळाच्या पाण्यासारखा वापरतात. कारण झालं असं, की आमचा लेख वाचून दुसऱ्या गावांतल्या, दुसऱ्या देशांतल्या लोकांनी तोच पदार्थ, त्याच जाडीचा, त्याच भट्टीत बनवून पाहिला आणि त्यांना काही मिळालं नाही. ते सभ्यपणे लिहायचे, की तुमच्या थरात असं काय आहे ते कळत नाही. आणि आम्ही सगळे मनातल्या मनात मिशीला पीळ देत म्हणायचो, हात. थर चढवताना भट्टीचं झाकण तो कानाने ऐकून बंद करतो, काचेवर फुंकर मारून ओलावा बघतो, असल्या गोष्टी मीच लोकांना रंगवून सांगितल्यात. त्या खऱ्याही होत्या. थर उत्तमच असायचे. फक्त लोकांकडे ती पितळी बैठक नव्हती. ती त्याने स्वतः लेथवर बसून कातली होती, आमच्या लग्नानंतर लगेच, आणि तशी दुसरी कुणाकडे नाही. सगळा चमत्कार त्या पितळेत होता, त्याच्या हातात नव्हता, आणि हा विचार मनात आला तेव्हा मला लेखाचं, नोकरीचं, कशाचं नाही, त्याच्या हातांचंच वाईट वाटलं. मोठे, सावकाश हात आहेत त्याचे. आता डोळे गेल्यापासून तर घरात तेच तेवढे कामाचे राहिलेत.

डोळे एकदम गेले नाहीत. आधी वाचताना मधलं एखादं अक्षर नाहीसं व्हायचं, मग अख्खा शब्द, मग माणसाचं तोंड. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, यावर इलाज नाही, सवय करून घ्या. त्याने सवय करून घेतली. मी नाही. प्रयोगशाळेत त्याचं यायचं बंद झालं तेव्हा भट्टी झाकून ठेवली, आणि डब्यात त्याच्या हातचे शेवटचे नमुने राहिले. ते मोजायचे तर लावणार कोण? मी कधीच लावला नव्हता. तो लावू द्यायचा नाही. "तुझ्या हाताला घाई आहे," म्हणायचा, आणि मला ते खरं वाटायचं, कारण भांडी फुटायची ती माझ्याच हातून. त्यात प्रेम होतं असं मी धरून चालले. एखाद्याचं प्रेम किती वर्षं आपण असं धरून चालतो, त्याचा हिशोब कधी मागत नाही. कंदिलासारखा दिवा धरून मी समोर उभी, त्याचं डोकं खाली झुकलेलं, टाळूवरचे केस विरळ होत चाललेले, आणि तो श्वास रोखून पट्टी बैठकीवर अलगद टेकवतोय. त्या क्षणी बोलायचं नाही असा नियम होता. मी त्या नियमातही सुखी होते. आज त्याच टाळूकडे बघायची जागा सोडून मी त्याच्या जागी बसले, आणि एका सकाळीत सगळं उसवलं.

दुपारी मी काही केलं नाही. म्हणजे कामं केली. चुंबक बंद केला, पाण्याची तोटी बंद केली, बैठक काढून हातात घेतली. पितळ अजून कोमट होतं. एवढी छोटीशी ऊब, बोटाला जेमतेम कळणारी. ती हातात धरून बसले असताना मला तो म्हातारा पाहुणा आठवला. लांबून आला होता, या विषयातला नावाजलेला माणूस, कानाला यंत्र लावलेला. आम्ही त्याला सगळं दाखवलं, चुंबक इकडे फिरव, तिकडे फिरव, आकडा अधिक, आकडा उणे. तो माना डोलावत होता. मग जिना उतरताना त्याने सहज विचारलं, नमुना पालथा घालून बघितलात ना? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, की तसं करता येत नाही, थर बैठकीला घासेल. पण त्याआधीच नवरा म्हणाला, "केलंय ते." म्हातारा म्हणाला, छान. आम्ही खाली उतरलो. मी तेव्हा मनात म्हटलं, केलं असेल, थर चढवल्या चढवल्या करून बघितलं असेल, मला सांगायचं राहिलं असेल. एवढंच. त्यावर पुन्हा विचारही केला नाही. आज मात्र ते दोन शब्द टोचायला लागले. केलंय ते. खरंच केलं होतं, तर त्याला दिसलं काय असेल? मला जे दिसलं तेच. पितळ बदललेलं नाही, भौतिकशास्त्र बदललेलं नाही. आणि केलं नसेल, तर मग तो जिन्यात, एका भल्या माणसाच्या तोंडावर, सहजासहजी खोटं बोलला होता. दोन्हींतलं काहीतरी एक होतं, आणि ते संध्याकाळी घरी जाऊन मला त्याला विचारावं लागणार होतं.

मी बस सोडून दिली आणि चालत निघाले. रस्ता नेहमीचाच. औषधांचं दुकान, चष्म्यांचं दुकान, बंद पडलेलं सिनेमागृह, त्याच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं. चष्म्यांच्या दुकानाच्या काचेत मी स्वतःला दिसले. पिशवी एका खांद्यावर, मान पुढे काढलेली, बाजारात काहीतरी विसरून आलेल्या बाईसारखी. मी मनात दोन्ही उत्तरं घासूनपुसून बघत होते. त्याला माहीत नव्हतं असं निघालं, तर आम्ही दोघं मूर्ख. एकत्र मूर्ख ठरलो तर त्यात लाज आहे, पण सोबतही आहे. दोघं मिळून कळवू, लेख मागे घेऊ, लोक हसतील, लेझरवाले वर्षभर बोलतील, आणि रात्री आम्ही एकमेकांना म्हणू, काय गाढवपणा केला आपण. हे मला जमण्यासारखं होतं. पण त्याला माहीत होतं असं निघालं, तर मूर्ख एकटी मी. मग त्या सगळ्या संध्याकाळी मी एकटीच बोलत होते, आकडा वाढला म्हणून एकटीच नाचत होते, आणि तो समोर बसून बघत होता, तेव्हा त्याला दिसत होतं सगळं. परिषदेत टाळ्या पडल्या तेव्हा मी वळून त्याच्याकडे बघितलं होतं, आणि तो हसला होता. कशाला हसला होता? माझा जीव त्या हसण्यावर येऊन अडकला. मी रस्त्यात थांबले, मागून येणाऱ्या एकाचा धक्का लागला, तो "बघा जरा" म्हणाला. मी मनोमन एकच मागत होते, की माझा नवरा मूर्ख निघू दे. कुठल्या बायकोने कधी हे मागितलं असेल? मला तो मूर्ख हवा होता, अगदी साफ, निष्काळजी, थापाड्या मूर्ख, फक्त माझ्यासारखा आंधळा.

आंधळा हा शब्द मनात आला आणि मला माझीच शरम वाटली. पण शब्द आला होता खरा, आणि त्याच्यामागून रागही आला. आजारी माणसावर रागावता येत नाही हा मोठाच अन्याय आहे. सकाळी त्याचे मोजे मीच जोडीने लावून ठेवले होते, चहा ओतताना कप किती भरला ते त्याला कळावं म्हणून मीच त्याला बोट आत धरायला शिकवलं होतं. आता त्याच घरात जाऊन त्याला आरोपीसारखं उभं करायचं? आणि नाही विचारलं तर? रोज संध्याकाळी तो विचारणार, "आज किती?" डोळे गेल्यापासून त्याला बाहेरची एवढी एकच बातमी हवी असते. मी रोज एक आकडा सांगणार, तो मान डोलावणार, असे आम्ही म्हातारे होणार. तेही जमण्यासारखं होतं. हेच भयंकर होतं, की ते जमण्यासारखं होतं. मी जिना चढले, तरी ठरलं नव्हतं.

नणंद दारातच भेटली, पायांत चपला घालत होती. आठवड्यातून काही दुपारी ती भावाजवळ येऊन बसते. बँकेतून निवृत्त झालेली बाई, तिला बसायला कुणीतरी लागतंच. "आलात वहिनी? दादा आज खुशीत नाही बरं का. सकाळी फोन आल्यावर खुशीत असायला हवा, तर हा गप्प. दोनदा विचारलं, म्हटलं काय झालं, तर म्हणतो, काही नाही, मटार आण." मी म्हटलं, "यांना बरं नाही का?" ती म्हणाली, "बरं आहे हो. तुमच्या त्या इलेक्ट्रॉनांनी फिरकी घेतली असेल त्याची." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत ती जिना उतरली. मी दार लावलं. लोकांसमोर मी त्याला 'हे' म्हणते, 'यांना' म्हणते. दार लागलं की तो 'तू' होतो. आज दार लागल्यावर काय म्हणायचं ते मला क्षणभर सुचेना.

तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मटार सोलत होता. शेंग अंगठ्याने उकलायची, दाणे पातेल्यात, टरफल कागदावर. एकही दाणा बाहेर पडत नव्हता. मी पिशवी ठेवली, हात धुतले, त्याच्या समोर उभी राहिले. पुन्हा समोरच. म्हटलं, "तू कधी नमुना पालथा लावून बघितला होतास?"

त्याने हातातली शेंग पुरी केली. मग म्हणाला, "कोपरा चुकलास ना?"

"चुकले."

"फोनवर तू पटकन हो म्हणालीस. पटकन हो म्हणतेस तेव्हा तू बघितलेलं नसतं." तो आवाज चढवून बोलत नव्हता, टोचूनही नाही. भाजीत मीठ जास्त झालंय एवढं सांगावं तसा. "आणि आकडा?"

"तोच. उणे झाला नाही."

त्याने मान डोलावली. तो दचकला नाही, 'काय' म्हणाला नाही, पुन्हा मोजलंस का म्हणून विचारलं नाही. ज्यांनी आयुष्यभर मोजलंय त्यांच्यातला कुणीही आधी तेच विचारेल. मला उत्तर मिळालं होतं. तरी मी विचारलं, कारण माणूस हातात आलेलं उत्तरही पुन्हा ऐकून घेतो. "तुला कधी कळलं?"

"पहिला लेख गेला त्याच्या मागोमाग. एकदा तू घरी होतीस, तापाने. मी एकटाच होतो. म्हटलं, बघू."

"मग?"

"मग दुसरी बैठक करून बघितली, फायबरची, ऊब न खेचणारी. आकडा गेला."

"गेला म्हणजे?"

"गेला. काहीच राहिलं नाही."

"आणि तू परत पितळी लावलीस."

"लावली," तो म्हणाला, आणि पुढची शेंग घेतली.

मला वाटलं होतं की या जागी मी ओरडेन. येताना रस्त्यात मी वाक्यंही जमवली होती, चांगली धारदार. ती सगळी कुठे गेली कोण जाणे. मी खुर्ची ओढून बसले नाही, तशीच उभी राहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

त्याचे हात थांबले. आता मात्र तो दचकला. हल्ली कुणाचं तोंड बघायचं असेल तर त्याला मान वळवावी लागते, भिंतीकडे बघितल्यासारखं केलं की समोरचा माणूस डोळ्याच्या कडेने दिसतो. त्याने तशी मान वळवली, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, आणि माझं तोंड शोधलं. "म्हणजे?" तो म्हणाला. "तुला माहीत नव्हतं?"

"मला कसं माहीत असणार?"

"तू कधी विचारलं नाहीस," तो म्हणाला. "डॉक्टरांना तू एकच गोष्ट तीन तऱ्हांनी विचारतेस. वीजबिलवाल्याला आकडा कुठून काढला म्हणून विचारतेस. दुसऱ्यांचे लेख वाचताना पहिला प्रश्न तुझा तोच असतो, पालथा घातला होता का. आणि आपल्या नमुन्याबद्दल एकदाही नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी वाट बघायचो, आज विचारेल, उद्या विचारेल. नंतर मला वाटलं, ही विचारत नाही याचा अर्थ हिने ओळखलंय. माझ्यासाठी गप्प बसलीय. मला वाटलं, आपण दोघं मिळून…" आणि तिथे तो थांबला.

 त्याचं म्हणणं खरं होतं. दुसऱ्यांना मी पहिला तोच प्रश्न विचारते. त्याला विचारला नाही, कारण त्याच्यावर माझा विश्वास होता. आणि त्या विश्वासाला तो इतकी वर्षं माझी मूक संमती समजत आला. परिषदेत टाळ्या पडल्या तेव्हा तो हसला, ते मला फसवून नव्हतं. आपल्या भागीदाराकडे बघून हसतात तसं ते होतं. संध्याकाळी मी नाचायचे तेव्हा त्याला वाटायचं, ही नाचतेय ती मला धीर द्यायला. त्याने माझ्यावर जे काही प्रेम केलं, ते असं गप्प राहू शकणाऱ्या कुणा बाईवर केलं, आणि ती मी नव्हते. ती बाई या घरात कधीच नव्हती. मला फसवलं गेल्याचं दुःख घेऊन मी जिना चढले होते. आता ते त्याच्या दुःखापुढे लहान वाटायला लागलं, कारण मी निदान आजच एकटी पडले होते, आणि तो सगळा वेळ एकटाच होता, हे त्याला आज कळत होतं. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीनच राग आला. या दोन्हींतलं काहीही त्याच्यापर्यंत पोचवायची माझ्याकडे सोय नव्हती.

"उद्या कळवावं लागेल," मी म्हटलं.

"कळव," तो म्हणाला. "माझ्या नावाने कळव. तुला माहीत नव्हतं असं लिही." मग हलक्या आवाजात, "ते खरंच आहे आता."

पातेलं भरलं होतं. त्याने टरफलांचा कागद चारही बाजूंनी गोळा करून पुडी बांधली आणि एका बाजूला सारली. मग टेबलावरून हात पुढे केला, तळवा वर, मी जिथे असेन असं त्याला वाटलं तिथे. तो थोडा चुकला होता. मी त्याच्या हाताच्या जरा डावीकडे उभी होते. बोट लांब केलं असतं तरी पुरलं असतं. मी केलं नाही. आणि मी हात दिलेला नाही, हे त्याला कळायला बराच वेळ लागला.